छपराचा गुडघा

माणसाने जन्मात हट्ट धरायचाच तर सपाट छपराचा धरावा, असं नरपडच्या अमृत सरांचं हल्ली ठाम मत झालं आहे. हे मत ते कुणी न विचारताही सांगतात. बँकेत, चिकूच्या वखारीपाशी, दाढी करताना. ऐकणारा मान डोलावतो, कारण वस्तरा गळ्याशी असतो. आणि सरांना वाटतं, आपल्याला समजून घेणारं जगात अजून कुणीतरी आहे.

सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. मूळचे तलासरीपलीकडच्या डोंगरातले, नोकरीपायी किनाऱ्याला आलेले आणि इथेच घर बांधून राहिलेले. घर लहान पण चांगलं, मुख्य म्हणजे न गळणारं. न गळणाऱ्या घराला लागून गळणारं गॅरेज बांधायची दुर्बुद्धी त्यांना कशी झाली, असं विचारलं की ते दक्षाचं, म्हणजे बायकोचं नाव पुढे करतात.

त्यात खोटं काही नाही. दक्षा शिवणकाम करते. तिचं मशीन लग्नापासून मोरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळकांडीत उभं. आंघोळीला जाणारा प्रत्येक जण तिला "जरा पाय घे" म्हणायचा, आणि ती शिवता शिवता पाय घ्यायची. तिला एक खोली हवी होती. फार काही नाही, मशीन, त्याच्या समोर एक खिडकी आणि कुणाला पाय घ्यावे लागू नयेत इतपत जागा. सर दर दिवाळीला ही खोली तोंडी देत. फराळाबरोबर खोली, असा तो रिवाजच पडून गेला होता. एका दिवाळीला दक्षाने खोलीचा विषय काढलाच नाही, आणि सर घाबरले. मागणारी बायको परवडते, मागायचं सोडलेली नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्या बाबतीत ते हुशार होते. पुढे ती हुशारी कुठे गेली, देव जाणे.

आता खोली काढायची कुठे? वर मजला चढवायला परवानगी मिळेना. आपल्याकडचे नियम असे, की झाडाची फांदी तोडायची तर झाडालासुद्धा सही मागतील. शेवटी कुणीतरी हळूच सुचवलं, गाडीसाठी शेड म्हणून अर्ज करा; छपराचा आकार कसा ठेवता ते कोण बघतंय? सरांकडे गाडी नव्हती, स्कूटर होती. पण अर्जात "वाहन" एवढंच लिहायचं होतं, आणि स्कूटरला वाहन नाही म्हणणार कोण?

चिखल्याच्या एका रिसॉर्टवर सरांनी तसलं छप्पर पाहिलं होतं. छपराच्या माथ्यावरच्या आढ्यापासून एका बाजूचं पाखं आधी बेताने उतरतं, मग मध्येच मोडून जवळजवळ भिंतीसारखं सरळ खाली येतं. दोन्ही बाजूंना तसंच. त्यामुळे माळ्यावर माणूस ताठ उभा राहू शकतो. खाली गॅरेज, वर दक्षाची खोली. कागदावर एकच मजला. सर स्वतःवर इतके खूश झाले, की रात्री जेवताना एकटेच हसले.

काम घेतलं विवळवेढ्याकडच्या सुनिलने. उतार मोडतो त्या जागेला तो गुडघा म्हणायचा. "बाकी सगळं सोपं आहे सर," तो म्हणाला, "गुडघा तेवढा सांभाळायला लागतो. तिथेच पाणी खेळतं."

सांगाडा उभा राहिला त्या दिवशी सरांचे वडील, देवजी, गावाहून मुद्दाम आले. मोठं घर बांधताना सरांनी त्यांना न विचारता आढं चढवलं होतं, त्याचा राग म्हाताऱ्याने बरीच वर्षं जपून ठेवला होता. या वेळी सर्व रीतसर झालं. आढ्याला हळद-कुंकू, आंब्याचा डहाळा, नारळ. नारळ फुटला आणि देवजींनी रीत सांगितली: नारळ फुटलेलं आढं रात्री उघडं राहिलं, तर घरचं माणूस बाहेर राहतं. दिवस मावळायच्या आत ते झाकलं पाहिजे.

डोंगरातल्या घराला हे ठीक होतं. तिथे सगळा पाडा येतो आणि एका दिवसात वळचणीपासून आढ्यापर्यंत छप्पर शाकारून होतं. इथे सुनिल आणि त्याचा एक जोडीदार. पत्रे खालून वर लावत यायचं असतं, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. पण तसं केलं तर संध्याकाळपर्यंत आढं झाकून होईना. तेव्हा त्यांनी आधी वरची पाखी मारली, आढ्यावर पत्र्याचा टोप बसवला, स्क्रू घट्ट आवळले. देवजी समाधानाने गावी गेले. सुनिल महालक्ष्मीच्या यात्रेला गेला, आणि यात्रेहून परत यायला माणसाला जेवढा वेळ लागू नये तेवढा त्याने लावला. यात्रा संपली तर लग्नं सुरू झाली. तेवढे दिवस छपराने वरून टोपी घातली होती आणि खाली काहीच नव्हतं. येणारे-जाणारे थांबून बघत. सर आतून खिडकी लावून घेत.

लग्नांतून उरलेला सुनिल एकदाचा आला आणि म्हणाला, खालचे पत्रे वरच्यांच्या खाली सरकवायला पाहिजेत. त्यासाठी वरचे सैल करून उचलायचे, म्हणजे टोप काढावा लागेल. आढं थोडा वेळ उघडं पडेल.

सर म्हणाले, आढं उघडायचं नाही.

सुनिल म्हणाला, मग खालचा पत्रा वरच्याच्या वर येईल. पाणी सरळ आत.

इथे सरांमधला विज्ञानाचा शिक्षक जागा झाला. त्यांनी कोळशाने भिंतीवर आकृती काढली. पाणी वरून वेगाने येणार, वेगामुळे जोडावरून उडी मारणार, पुढच्या उतारावर पडणार. शिवाय वरून एक वाकवलेली पट्टी ठोकायची. सुनिलने आकृती नीट पाहिली. "सर म्हणतील तसं," तो म्हणाला. आपल्याकडे हे तीन शब्द ऐकले की माणसाने हातातलं काम टाकून पळावं. सरांना तो मान वाटला.

मे महिन्यात दक्षा माळ्यावर गेली. चौघांनी मिळून मशीन शिडीवरून चढवलं. तिने खिडकीला जुन्या साडीचा पडदा शिवला, भिंतीला खिळा मारून कात्री अडकवली, आणि दुपारभर खाली आलीच नाही. सर चहा घेऊन वर गेले, तर ती पाय लांब पसरून बसली होती. शिवत नव्हती, नुसती बसली होती. "अहो, इथे वारा येतो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण सरांना वाटलं आपण ताजमहाल बांधला.

मग पावसाने सरांची आकृती तपासली आणि शून्य मार्क दिले. पाण्याने उडी वगैरे काही मारली नाही. ते गुडघ्यापाशी आलं, क्षणभर थबकलं आणि सरळ आत शिरलं. मशीनच्या उजवीकडे, जिथे दक्षाने एका लग्नाघरचे ब्लाउज शिवून घडी करून ठेवले होते, तिथे. पत्र्याच्या कडेवरून आलेलं तांबूस पाणी. ब्लाउज मोतिया रंगाचे होते. पुढच्या लग्नाचं कापड त्या घरातून दक्षाकडे आलं नाही.

गळती लागली की सल्लेही झिरपायला लागतात. शेजारचे प्रविणभाई, चिकूची मोठी वाडी असलेले, रोज संध्याकाळी कंपाउंडवर हात ठेवून उभे राहायचे. त्यांचा एक ठरलेला गुजराती शब्द होता, "चालशे," म्हणजे चालेल. त्यांनी आधी सांगितलं, एमसील भरा, चालशे. भरलं. पत्रा उन्हात तापला, पावसात थंड झाला आणि एमसीलला तडे गेले. मग डांबर. डांबर पहिल्या उन्हात पाझरून खिडकीच्या पडद्यावर उतरलं. शाळेतल्या शिक्षकांपैकी एकाने गोणपाट आणि सिमेंट सांगितलं. एक जण म्हणाला, वास्तूची दिशाच चुकली, गुडघा दक्षिणेला नको. सुनिलला विचारलं, तर तो पुन्हा तेच म्हणाला: टोप काढू द्या, अर्ध्या दिवसाचं काम. सर म्हणाले, ते सोडून बोल.

दक्षाने एकदाच विचारलं, "बाबांना फोन करून विचारा ना, थोडा वेळ आढं उघडलं तर काय होतं?"

सरांनी विचारलं नाही. सोपं होतं, पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं की आपण पत्रे उलटे लावले. मुख्याध्यापकाने. वडील डोंगरातल्या घरांची छपरं आयुष्यभर शाकारत आले, त्यांच्यापुढे. ते जमणार नव्हतं.

शेवटी प्रविणभाईंनी फ्लेक्स सुचवला. वाढदिवसाचे बॅनर असतात ना, त्यांच्यातून पाणी झिरपत नाही. गुडघ्यावर आडवा ताणून बांधा, चालशे. आणि फ्लेक्स त्यांनीच दिला. रघ्याचा होता. हा रघ्या सरांचाच विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला. आता फ्लेक्सवर तो "रघुनाथदादा" होता, काळा चष्मा, हात जोडलेले, खाली "भावी सरपंच". सर सावध माणूस. त्यांनी चेहऱ्याची बाजू आत करून फ्लेक्स बांधला. दोन दिवस गळलं नाही. आतून मात्र फटीतून रघ्या वाकून बघायचा आणि दक्षा त्याच्याकडे पाठ करून शिवायची.

तिसऱ्या दिवशी समुद्राकडून वारा सुटला. एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या, फ्लेक्स फडफडत उलटला आणि पलीकडच्या उतारावर जाऊन चिकटला. सकाळी सगळ्या नरपडने पाहिलं, मुख्याध्यापकांच्या छपरावर रघुनाथदादा हात जोडून उभे आहेत. त्याच आठवड्यात पोटनिवडणुकीची आचारसंहिता लागली होती, आणि सरांना मतदान केंद्राची ड्यूटी आलेली होती.

विरोधी गटाने तक्रार केली. सरांना खुलासा द्यायला सांगण्यात आलं. त्यांनी लिहिलं, "सदर छायाचित्र प्रचारार्थ नसून गळती-प्रतिबंधार्थ लावण्यात आले होते व ते वाऱ्यामुळे उलटले." हे वाक्य पुढे तालुक्यात पाठ झालं. शिक्षकांच्या बैठकीत कुणी उशिरा आलं की मागून कुणीतरी म्हणायचं, "वाऱ्यामुळे उलटले." रघ्याने स्वतः येऊन सरांच्या पाया पडून आभार मानले, तेही चार माणसांसमोर. मग विरोधकांची खात्रीच पटली. सर फ्लेक्स उतरवायला वर चढले, तर खाली जमलेल्यांपैकी कुणीतरी फोटो काढला आणि फोटोत असं दिसत होतं की सर तो बांधताहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाहणीला आलेल्या ग्रामसेवकाने उतरवलेला फ्लेक्स पाहिला, छप्पर पाहिलं, मग खाली वाकून गॅरेज पाहिलं. "सर, गाडी कुठे आहे?"

सर म्हणाले, येणार आहे.

"शेड तर गाडीसाठी मंजूर आहे ना? आणि वर कोण राहतं?" कारण वरून मशीनचा आवाज येत होता. पुढच्या पाहणीत गाडी दिसली पाहिजे, नाहीतर वापरात बदल म्हणून शेड पाडावी लागेल, असं सांगून तो गेला. चहा न पिता गेला, यावरून प्रकरण गंभीर आहे हे सरांनी ओळखलं.

दक्षाचा भाऊ विनोद तलासरीला असतो. त्याच्या अंगणात एक मारुती व्हॅन पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. "दाजी, गाडीचं काय, आजच घेऊन जा," तो इतक्या तत्परतेने म्हणाला की सरांना तेव्हाच कळायला हवं होतं. टेम्पोला दोर बांधून व्हॅन आली. सगळ्या आळीने ढकलून ती गॅरेजात घातली, आणि आत जाताच तिचे पुढचे दोन्ही टायर सुस्कारा टाकून बसले. व्हॅन जी बसली ती बसली. पुढे हलेना, मागे हलेना. ग्रामसेवक आला, गाडी पाहून समाधानाने गेला. चहाही प्यायला.

माळ्याची शिडी व्हॅनच्या पलीकडे राहिली होती.

त्यानंतर दक्षाला माळ्यावर जायचं तर व्हॅनचं सरकतं दार उघडायचं, आत शिरायचं, सीटवरून सरकत पलीकडच्या दाराने बाहेर पडायचं आणि मग शिडी चढायची. कापडाचं बोचकं डोक्यावर. आत कोंबड्यांचा वास. मापं द्यायला येणाऱ्या बायकाही एकदा-दोनदा व्हॅनमधून गेल्या, हसत हसत. मग यायच्या बंद झाल्या.

एका संध्याकाळी सर शाळेतून आले तर वर आवाज नव्हता. त्यांना वाटलं, मशीन पुन्हा बोळकांडीत आणलं असेल. तिथेही नव्हतं. दक्षा ओट्यापाशी भाजी चिरत होती. तलासरीला संगिताच्या, म्हणजे तिच्या लहानपणच्या मैत्रिणीच्या दुकानामागे एक खोली रिकामी होती, तिथे मशीन हलवलं, असं तिने सांगितलं. विनोद येऊन घेऊन गेला. सकाळी एसटीने जाईन, संध्याकाळी येईन.

सर म्हणाले, "अगं, मी गुडघ्याचं बघतोच आहे. थोडं थांब."

"मी लग्नापासून थांबलेय," दक्षा म्हणाली. आवाज चढवला नाही. भाजी चिरणंही थांबवलं नाही.

सरांना फार लागलं. पण लागलेलं दाखवायचं कुठे, तर त्यांनी कंपाउंडपाशी जाऊन प्रविणभाईंना सांगितलं, की धंदा वाढला म्हणून मोठी जागा घेतली. प्रविणभाईंनी छपराकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी "चालशे" म्हणाले नाहीत.

पावसात एसटी चुकायला लागली. तलासरीला काम मात्र वाढलं, कारण बाजाराचं गाव, येता-जाता बायका कापड टाकून जायच्या. मग दक्षा आठवड्यातले मधले दिवस तिथेच राहायला लागली. घरातला चहा गोड की फिका, हे सांगायलाही कुणी उरलं नाही. सर रात्री भात करपवायचे आणि बोळकांडीतून जाताना सवयीने म्हणायचे, "जरा पाय घे."

गणपती झाल्यावर देवजी आले. सून दिसेना, तेव्हा सर काहीतरी बोलले, म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि उठून गॅरेजाकडे गेले. खालून गुडघा पाहिला. बराच वेळ पाहिला. सर मागे उभे होते, परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखे.

"उलटं लावलंस," देवजी म्हणाले. "का?"

सरांनी सांगितलं. आढं उघडायचं नव्हतं म्हणून. तुम्हीच म्हणाला होता.

देवजी व्हॅनला टेकले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला. मग घरच्या बोलीत त्यांनी जे सांगितलं ते असं: पूर्वी पाड्यात छपराला सगळे मदतीला यायचे. नारळ फुटला की सगळ्यांची नजर ताडीकडे. एकदा प्यायला बसले की उरलेलं छप्पर तसंच, रात्री पाऊस आला तर सगळं घर भिजणार. म्हणून म्हाताऱ्यांनी ही रीत घातली. दिवस मावळायच्या आत आढं झाकलं तरच घरचं माणूस घरात. माणसं भीतीने काम संपवायची आणि मग प्यायला जायची.

"म्हणजे ताडीसाठी?" सरांनी विचारलं.

"ताडी आधी मिळू नये म्हणून."

"मग माणूस बाहेर राहतं ते?"

"ते काय, भांडण झालं की कुठल्याही घरचं राहतं," देवजी म्हणाले. मग सरांच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. "मला एक फोन करायचास की, पोरा."

दुसऱ्याच दिवशी सुनिल आला. टोप काढला, वरचे पत्रे सैल केले, खालचे आत सरकवले, वाकवलेली पट्टी मध्ये घालून वरच्या पत्र्याखाली दाबली. आढं भर दुपारी उघडं पडलं होतं आणि त्यातून निळं आभाळ दिसत होतं. कुणाला काही झालं नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलंसुद्धा. सुनिलने हात पुसत भिंतीवरच्या कोळशाच्या आकृतीकडे पाहिलं, पण तो सज्जन माणूस, अवजारं गोळा करायला लागला.

परतीचा पाऊस आला तेव्हा संध्याकाळ होती. नुसता पाऊस नव्हे, विजांसकट, समुद्राकडून आडवा. सर व्हॅनमधून सरपटत गेले, शिडी चढले आणि गुडघ्याखाली हात धरून उभे राहिले. पाणी वरून खळखळत येत होतं, मोडावर वळत होतं आणि बाहेरच्या बाहेर निघून जात होतं. हात कोरडा. त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथेही कोरडं. त्यांना वाटलं, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं पाहिजे, आणि सांगायला जगात एकच माणूस आहे.

फोन उचलला गेला. मागे मशीन चालू होतं.

"दक्षा, एक थेंब नाही," सर म्हणाले. "इतका पाऊस आहे, तरी एक थेंब नाही. सगळं कोरडं आहे. तू येऊन बघ."

मशीन थांबलं. फोनमधून तिकडचाही पाऊस ऐकू आला.

"बरं झालं हो," ती म्हणाली. "आता गाडी भिजायची नाही."

त्यात टोमणा असता तर सरांना बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण ती खरंच बरं झालं म्हणाली होती, शेजाऱ्याच्या घराबद्दल म्हणावं तसं. भात करून ठेवलाय का, बाबांनी गोळी घेतली का, हेही तिने विचारलं. मग मशीन पुन्हा सुरू झालं आणि तिने फोन ठेवला.

सर माळ्यावर उभेच राहिले. खिळ्याला कात्री नव्हती, पडद्यावर डांबराचा डाग होता, आणि मशीन जिथे होतं तिथे फळीवर त्याच्या पायांच्या खुणा होत्या. डोक्याला छप्पर लागत नव्हतं. माणूस ताठ उभा राहू शकत होता. त्याच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

खालून देवजींनी हाक मारली, गळतंय का म्हणून.

"नाही," सर म्हणाले.

"मग उतर. भात लागतोय."